अर्धं बटण

फोटो कॅमेऱ्याच्या तोंडातून बाहेर आला आणि हळूहळू उमटला. लग्नाच्या वाढदिवसाचे उत्सवमूर्ती दिनकरराव आणि कुमुदताई पार पुसट. दोघांच्या मधल्या फटीतून दिसणारी भिंतीवरची दिनदर्शिका मात्र इतकी लख्ख, की तिच्यातली एकादशीही वाचता यावी.

"हा आपोआप फोकस करतो खरा, पण बरोबर मध्ये जे असेल त्याच्यावर," जावईबापू ओशाळून म्हणाले. "आता एकच फोटो उरलाय."

फट साधी नव्हती. दुपारी विहीणबाईंसमोर दिनकररावांनी कटाच्या आमटीला पाणचट म्हटलं होतं. तेव्हापासून कुमुदताईंनी अबोलाही धरला होता आणि सोफ्याचं दुसरं टोकही.

उपाय दिनकररावांना ठाऊक होता. सकाळीच नातीनं शिकवलं होतं: एकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून बटण अर्धं दाबायचं, तसंच धरून कॅमेरा मध्ये वळवायचा, मग पूर्ण दाबायचं. पण त्यांनी ते सांगितलं नाही. "यंत्रापुढे कुणाचं चालतंय? जवळ बसायला हवं," एवढंच पुटपुटले.

कुमुदताई सरकल्या. खांद्याला खांदा लागला. फोटो झकास आला.

तेवढ्यात नात स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं पहिला पुसट फोटो उचलून पाहिला. "अहो आजोबा, सकाळी दाखवलं होतं ना, अर्धं बटण दाबायचं?"

दिनकरराव पंख्याकडे बघू लागले.

"मलाही दाखवलं होतंस की," कुमुदताई जागच्या न हलता म्हणाल्या. "आणि आमटी पाणचट नव्हती."