चौथं नाव

"पासवर्ड कोणाला दिलास?"

हर्षदाने तोंड उघडायच्या आत लखनचा हात बसला. ती भिंतीवर आदळली. लखनचं नेहमी आधी हात, मग प्रश्न. आज प्रश्न आधी आला, एवढंच काय ते नवीन.

वायफाय बसवणाऱ्याने त्याला बजावलं होतं, नवागामच्या या दाटीत लोक फुकटचं वापरतात, आपल्या नेटवर कोण कोण आहे ते मोबाईलमध्ये बघत जा. लखनने सकाळी चहा पिता पिता बघितलं. घरात मोबाईल तीन, त्याचा, बायकोचा आणि आईचा. यादीत नावं चार. चौथं म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

"खालच्या शुभमला दिलास ना? बोल!"

"तुमची शपथ, कोणालाच नाही दिला हो."

"मग हा काय आभाळातून पडला?" त्याने केस धरून तिला फरफटत आणलं. तिचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं.

लखनची आई अनुसयाबाई कानबाई देवीसमोर वाती वळत बसली होती. कालच कानबाई घरात बसवली होती. चौरंगावर नथ घातलेला नारळ, भोवती हार, दिव्यांची माळ. सजावट सगळी लखनच्या बहिणीची. धनश्री उधन्याहून मुद्दाम येऊन करून गेली होती. आज विसर्जन, आणि घरात हा तमाशा! सुनेला गुरासारखा मार पडतोय आणि म्हातारीची वात काही तुटत नाही. धन्य ती सासू! मागे शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, तेव्हा न्हाणीत घसरली म्हणून हिनेच देवाशपथ सांगितलं होतं.

"पासवर्डच बदलून टाकतो," लखनने मोबाईल उचलला.

"बदलू नको," अनुसयाबाई वर न बघता म्हणाली. "बदलशी तं चोर कसा सापडी? पहिले तिले इचार."

"आत्याबाई, हे मला मारून टाकतील आज," हर्षदा कळवळली.

म्हातारीने दुसरी वात घेतली.

लखनने पट्टा काढला. पाठीवर, दंडावर, लागेल तिथे. मग त्याच्या डोक्यात आलं, हिने दुसरा फोन लपवलाय. त्याने डबे उपडे केले, गादी फाडली, कपाट रिकामं केलं. हात चौरंगाकडे गेला.

"लखन! कानबाई बठेल शे. हात लावू नको!"

लखन जागीच थांबला. चप्पल काढली, कान धरले, नारळापुढे डोकं टेकवलं. बायकोच्या अंगावर उठणारा हात देवीपुढे मात्र जोडला गेला. मग तो वळला आणि त्याने हर्षदाचा गळा धरला.

"शेवटचं विचारतो."

तिचे पाय फरशीवर घासले. डोळे पांढरे व्हायला लागले.

दार धाडकन उघडलं. धनश्री होती, हातात चालू मोबाईल, बरोबर दोन पोलीसबाया. लखनने हात सोडले. हर्षदा खाली कोसळली, खोकत श्वास ओढू लागली.

"तुले कोणी बलायं?" लखन बहिणीवर खेकसला. मग पोलीसबायांकडे बघून आवाज मऊ केला. "काही नाही मॅडम. न्हाणीत घसरली ती. माझ्या आईला विचारा."

अनुसयाबाई उठली. कानबाईला हात जोडले. हार बाजूला सारून तिने माळेच्या वायरीला लावलेला लिंबाएवढा वायफायचा कॅमेरा काढला आणि पोलीसबाईच्या हातावर ठेवला.

"माले इचारू नका, बाई. दखी ल्या."