वायरींचा क्रम

दिशाने डॅनीशी लग्न केलं, त्या दिवसापासून गहिनीनाथ लेकीशी बोलले नव्हते. तीन वर्षं झाली. दोन्ही घरं भिंगारात एकाच गल्लीत, तरी संध्याकाळी फिरायला जाताना ते तिच्या दारावरून मान दुसरीकडे करून जात. अन् या पोरीने, जिला साधं सायकलचं पंक्चर काढता येत नाही, मिलिटरीच्या लिलावातली जुनीपुराणी जीप दुरुस्त करायला आणून अंगणात उभी केली. गल्ली हसली. गहिनीनाथांचा अख्खा जन्म लष्करात असल्याच जीपा दुरुस्त करण्यात गेला होता.

रोज संध्याकाळी दिशा स्टार्टर मारी. जीप धडाधड बार काढी आणि बंद पडे. पाचव्या दिवशी गहिनीनाथ कुंपणाशी थांबले. तिच्याकडे नाही, बॉनेटकडे बघत ओरडले, "प्लगच्या वायरी चुकल्यात! एक, तीन, चार, दोन!" आणि चालू लागले. तीन वर्षांनी लेकीच्या वाट्याला आले ते हे सात शब्द.

डॅनी म्हणाला, "अगं, हाच क्रम मी तुला पहिल्याच दिवशी मोबाईलवर दाखवला होता."

"हळू बोल, आबांना ऐकू जाईल," वायरी भराभर नीट लावत दिशा म्हणाली. "उद्या कार्बोरेटर बिघडवायचाय."