सावरीची बोंडं

"ताई, ही बोंडं मांडवात फुटली तर?" सुकं तोरण बांधता बांधता धाकट्या जावेनं विचारलं.

"फुटायला ते काय फटाके आहेत?" मी तिला गप्प केलं. सजावटीचं आमचं दोघींचं हे पहिलंच काम. ताजी फुलं उन्हात माना टाकतात, म्हणून आम्ही शेवग्याच्या शेंगा आणि बाजरीची कणसं वाळवून आणली होती. आणि अंतरपाटाच्या बरोबर वर, माझ्या हट्टानं, सावरीची शंभर तपकिरी बोंडं. पोटात कापूस भरलेली, अजून न उकललेली.

फोटोवाल्यानं नेमके त्यांच्याशेजारी मोठे दिवे लावले. चौथ्या मंगलाष्टकाला पहिलं बोंड तापून तडकलं. मग दुसरं. मग सगळीच! कापूस भुरभुरत खाली आला. मामांच्या फेट्यावर, नवरीच्या पापण्यांवर, भटजींच्या नाकात. भटजी 'सावधान' म्हणतानाच शिंकले, नवरी खुदकन हसली आणि अक्षता विसरून अख्खा मांडव कापूस पकडायला उड्या मारू लागला.

नवरीची करारी आत्या पदर झटकत आमच्यासमोर उभी राहिली. "हे काम कुणाचं?"

"हिचं!" मी जावेकडे बोट दाखवलं.

आत्यानं जावेचे दोन्ही हात धरले. "पुढच्या महिन्यात माझ्या लेकीचं लग्न आहे. अस्साच कापूस पाहिजे!"

माझं बोट अजून हवेतच होतं. ते मी हळूच स्वतःकडे वळवलं.

"नाही म्हणजे, बोंडं मी टांगलीत हो!"