तळहाताएवढी खिडकी

मेक्सिकोतल्या वाहाका शहराच्या मंडईत भाजलेल्या नाकतोड्यांचा ढीग रचून बसलेल्या ओदिलियाने राजधानीत माल विकायला लेकीने बनवलेला खोका उलटसुलट करून पाहिला. वेली, फुलं, सोनेरी अक्षरं. नाकतोडा मात्र कुठेच दिसेना. “माल चोरीचा आहे का गं आपला?” “आई, त्याचे डोळे बघूनच राजधानीतली माणसं पळतात. म्हणून झाकलाय,” रोसाल्बा म्हणाली. तेवढ्यात राजधानीतलीच एक बाई ढिगासमोर थबकली, अंग चोरून मागे सरली. ओदिलियाने बाजाराच्या रिवाजाप्रमाणे एक नाकतोडा तळहातावर ठेवून हात पुढे केला. “घे गं पोरी. आधी चव, मग भाव.” पुढे आलेल्या हाताला नाही कसं म्हणायचं? बाईने डोळे मिटून खाल्ला आणि आणखी मागितले. रोसाल्बाने आईचा तळहात खोक्यावर गिरवून तेवढीच खिडकी कापली, आत नाकतोडे भरले. खोका उंचावत ओदिलियाने हाळी दिली, “बायांनो, माझा हात राजधानीला निघालाय!”