निळा अंगठा
जंगलकामावरून आलेल्या जंगूला लेकीचा, लच्चीचा अंगठा निळा दिसला, तसा तो कुऱ्हाड टाकून, तिला कडेवर घेऊन थेट बालवाडीत शिरला. झरीकडच्या त्यांच्या पोडावर, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीवर, एकसष्ट साली बालवाडी निघाली, त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. "इचा अंगठा कायले घेतला? कोन्या कागदावर घेतला?" तो बाईंवर ओरडला. त्याच्या बापानं एकदा असाच अंगठा उठवला होता आणि नाल्याकाठचं वावर दुसऱ्याचं झालं होतं. बाईंनी लच्चीचा कागद पुढं केला. वाटीतल्या निळीत अंगठा बुडवून तिनं त्यावर एक पाखरू उठवलं होतं. "आधी बोटं वळू देत, मग पाटी-पेन्सिल देणार," बाई म्हणाल्या. जंगूनं पाखराकडं पाहिलंच नाही. पाखराच्या वर एक ओळ लिहिलेली होती, तिच्यावर त्यानं बोट ठेवलं. "हे काय लिवलं?" "लच्चीचं पाखरू." "तुम्हीच लिवता, तुम्हीच वाचता," तो म्हणाला आणि त्यानं कागद लेकीपुढं धरला. "तू वाच." लच्ची नुसती हसली, तिला अजून एकही अक्षर येत नव्हतं. जंगूनं कागदाची घडी करून मुंडाशात खोचली. "हा माह्यापाशी राहीन. पोरगी रोज येईन. जवा इले वाचता येईन, तवा हीच मले सांगन, तुम्ही खरं बोल्ल्या का खोटं."