मास्तरांची यादी

भाचीने आपला जुना कंप्युटर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून शिंपीमास्तरांच्या दुकानात आणून ठेवला, "मामा, कसं शिकायचं ते या लोकांना विचारा," म्हणत त्यांना फोनवरच्या लिनक्सवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये टाकलं आणि ती आपल्या गावी परत गेली.

"नवशिक्याने सुरुवात कशाने करावी?" असं मास्तरांनी विचारलं मात्र, पुस्तकं, व्हिडिओ आणि शिकवण्यांची नुसती झुंबड उडाली. एकाने सुचवलं की दुसरा त्याला नावं ठेवायचा. मास्तर पडले मापाला चोख. त्यांनी सगळं मापांच्या वहीत उतरवलं, कापड बेतावं तसं छाटलं आणि बावीस नंबरांची सुबक यादी ग्रुपवर टाकली. ती एवढी गाजली की येणारा जाणारा त्यांना गुरुजी म्हणू लागला. कंप्युटरवर त्यांनी तोवर झालर लावलेली खोळ शिवून घातली होती.

एका दुपारी बायको म्हणाली, "अहो गुरुजी, ते यंत्र एकदा चालू तरी करा."

मास्तरांनी खोळ काढली, खोकं चारी बाजूंनी चाचपलं, पण बटण काही सापडेना. आता स्वतःच्या नावाने विचारायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. म्हणून बायकोच्या फोनवरून ग्रुपमध्ये शिरून त्यांनी हळूच विचारलं, "हा कंप्युटर चालू कुठून करतात?"

 

लगेच उत्तर आलं, "ताई, आधी मास्तरांची यादी वाचा. तेही तुमच्यासारखेच शून्यातून वर आलेत."