रडक्या काकू

अकराची परीक्षा, साडेअकरा झाले तरी पाच नंबरच्या खोलीत कुणी फिरकलं नव्हतं, आणि काकू एकट्याच खुर्चीत बसून रुमाल चुरगाळत होत्या.

रुमाल चुरगाळणं हा त्यांच्या कामाचाच भाग. नर्सिंग कॉलेजात आता नुसत्या वह्या भरून भागत नाही ना. इंजेक्शन टोचायला प्लॅस्टिकचा माणूस असतो, पण बोलायला शिकायचं तर जिताजागता माणूस लागतो. तो माणूस म्हणजे काकू. गेली चार वर्षं त्या पेशंटची आई होतात. त्यांचा मुलगा मोटरसायकलवरून पडतो, ऑपरेशनमध्ये दगावतो, आणि शिकणारी पोरं एकेक करून आत येतात आणि त्यांना ते सांगतात. एका सकाळी बारा वेळा मुलगा जातो, बारा वेळा काकू रडतात, आणि मग घरी जाऊन चवीने जेवतात. पोरं त्यांना रडक्या काकू म्हणतात, तेही तोंडावर.

काकांना याची भारी गंमत वाटायची. आज सकाळी गेटवर सोडतानाही चिडवून झालं होतं, की आपल्याला नसलेल्या पोरासाठी तू इतकं रडलीस, माझ्या वाट्याला काही उरणार आहे का? काकूंनी त्यांना हाताने उडवून लावलं, फोन ऑफिसात जमा केला आणि खोलीत येऊन बसल्या.

काकूंचा सगळा जीव आज एकीत अडकला होता. तिला सगळे एक्सप्रेस म्हणायचे. हात इतका हलका की पहिल्याच टोच्यात शीर सापडणार, पण तोंड उघडलं की ब्रेक नाही. पहिल्या परीक्षेत तिने दारातूनच, तुमचा मुलगा गेला इथे सही करा, असं एका दमात उरकलं आणि काकूंना रडायच्या जागी हसू आवरेना. दुसऱ्या खेपेला काकूंच्या आधी तीच रडली. आजची तिसरी आणि शेवटची. यात आपटली तर कोर्समधून नाव कमी. हे तिनेच जिन्यात बसून सांगितलं होतं, अर्थात एका दमात.

परीक्षेतल्या आईने पोरांना शिकवायचं नाही असा नियम आहे. काकूंनी तो गुंडाळून ठेवला आणि जिन्यातच शिकवणी सुरू केली. आधी बस. समोरच्याला काय कळलंय ते विचार. मग एकच साधं वाक्य बोल, ‘गेला’ म्हण, उगाच आडवळणं नकोत. आणि त्यानंतर, माझे बाई, गप्प बस. हे गप्प बसणंच तिला जमेना. काकूंनी मनात वीस आकडे मोजायला लावले, तर बाराला ही फुटायची.

दार वाजलं. एक्सप्रेसच होती.

हिचा नंबर तर शेवटचा, तोवर शेजारच्या हॉस्पिटलात ड्यूटी होती, मॅडमनी यादी उलटी केली असेल, काकूंनी मनाशी जुळवलं. तिच्यामागे एक वयस्कर सिस्टर दारातच थांबल्या होत्या. बाहेरच्या परीक्षक दिसतात. काकूंनी लगेच खांदे पाडले. पोरीचे डोळे सुजलेले होते. आधीच रडून घेतलंय वाटतं, बरं झालं, आत तरी रडणार नाही.

एक्सप्रेस चक्क सावकाश चालत आली. खुर्ची जवळ ओढून बसली. मग विचारलं, काकू, तुम्हाला कुणी काही सांगितलंय का? काकू नाही, ‘आई’ म्हणायचं असतं, एक मार्क गेला. काकूंनी थरथरत्या आवाजात सांगितलं की मला कुणीच काही सांगत नाही हो.

"काकू, वाईट बातमी आहे." तिने पूर्ण श्वास घेतला. "काका गेले."

मुलगा जायचा होता. इतकं सुरेख चाललं होतं आणि ऐन वाक्यात पोरगी घसरली. काकूंनी हुंदका काढला, रुमाल तोंडाला लावला आणि दारातल्या सिस्टरना ऐकू जाईल अशा आवाजात, माझा मुलगा कसा आहे, माझा मुलगा, असं विचारलं. एवढं आयतं वाढून दिलं होतं, हिने फक्त उचलायचं.

तिने उचललं नाही. गप्प बसली. काकू रुमालाआडून मोजत होत्या. दहा. बारा झाले, फुटली नाही. अठरा. विसाच्या पुढे पोरीने काकूंचा हात हातात घेतला आणि तरी गप्पच. काय तयार झाली होती पोरगी. काकूंना अभिमानाने खरंखुरं रडू यायला लागलं. एका शब्दापायी हिला नापास केलं, तर त्या स्वतः प्राचार्यांशी भांडणार होत्या.

त्या पुढे वाकल्या, तिच्या कानाशी.

"मुलगा म्हण, वेडे. अजून वेळ आहे."

सिस्टर दारातून आत आल्या आणि काकूंच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. एक्सप्रेसने हात सोडला नाही.

"परीक्षा थांबवलीये, काकू," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "काकांना गेटवरून उचलून आणलं, तेव्हा ड्यूटीवर मीच होते."